बालमनाचा ठाव घेण्याची सोपी रीत

परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर किंवा मराठवाड्याच्या उरलेल्या चार जिल्ह्यांपैकी कुठेही आपण राहत असाल आणि एखाद्या स्थानिक दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत आपले नाव एकदा जरी छापून आले असेल, तर आज ना उद्या आपल्या दारी बालकवितांचे पुस्तक येणारच. पाकिटात दोन प्रती असतील आणि पहिल्या पानावर ‘आदरणीय सरांना सस्नेह, अभिप्रायार्थ’ असे लिहिलेले असेल. घाबरून जाऊ नये. गेली पंधरा-सोळा वर्षे मी हे काम करतो आहे आणि अनुभवाने सांगतो की, परीक्षणाला बालसाहित्याइतका सोपा प्रकार मराठीत दुसरा नाही. कादंबरीचा वाचक निदान पत्र पाठवून तुमची चूक दाखवू शकतो. बालसाहित्याचा वाचक पुरवणी वाचत नाही. गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांखाली अंथरलेली ती त्याने पाहिलेली असते, एवढेच.

पुस्तक हातात आल्यावर ते आधी उलटे करावे. मागच्या बाजूला कुणा ज्येष्ठ साहित्यिकाने केलेली पाठराखण असते आणि तुमच्या परीक्षणाची निम्मी वाक्ये तिथे तयार असतात. ज्येष्ठांनी ती प्रस्तावनेवरून लिहिलेली असते आणि प्रस्तावनाकाराने लेखकाच्या मनोगतावरून. या साखळीत सगळे पुस्तक वाचलेला माणूस एकच, तो म्हणजे अक्षरजुळणी करणारा, आणि त्याचे मत विचारण्याची आपल्याकडे पद्धत नाही. पुस्तक बहुधा ४८ पानांचे असेल. छापखान्यात एका फॉर्मात १६ पाने बसतात आणि तीन फॉर्मांना मधोमध पिना मारल्या की काम स्वस्तात होते, हे त्यामागचे कारण. तुम्ही मात्र ‘बालकांची एकाग्रता ध्यानात घेऊन लेखकाने आटोपशीरपणा जाणीवपूर्वक राखला आहे’ असे लिहावे. लेखकालाही ते प्रथमच कळते आणि तो सुखावतो.

सुरुवात इतिहासाने करावी. १८८१ चे ‘बालबोध’, १९०६ चे ‘आनंद’ आणि बालभारतीने १९७१ मध्ये सुरू केलेले ‘किशोर’ ही तीन मासिके ओळीने मांडली की स्तंभाचा चौथा हिस्सा भरतो आणि समोरचे पुस्तक या थोर परंपरेचा पुढचा टप्पा आहे, असे न म्हणताही म्हटले जाते. त्यानंतर तुलना. पुस्तकात आई असेल तर साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या पुस्तकाचा वारसा सांगावा. सायकलवरचा मुलगा असेल तर भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेची आठवण काढावी. आईही नाही आणि सायकलही नाही, असे बालपुस्तक माझ्या पाहण्यात आजवर आलेले नाही.

आता मुख्य शब्दाकडे वळू. तो शब्द ‘भावविश्व’. पुस्तकात चिऊ, काऊ, झुळझुळ ओढा, मामाचा गाव आणि आमराई असली की ‘ग्रामीण मुलांचे भावविश्व साकारले आहे’ हे वाक्य न चुकता लिहावे. एप्रिलच्या एका दुपारी अशाच एका पुस्तकाच्या प्रकाशनासाठी मी आडवळणाच्या गावातील शाळेत गेलो होतो. व्यासपीठावर आम्ही सात जण होतो, समोर सतरंजीवर मुले होती आणि एक मुलगी झुळझुळ ओढ्याची कविता चालीवर म्हणत होती. तिचे दुसरे कडवे चालू असताना बाहेर टँकरचा हॉर्न वाजला आणि मागच्या दोन रांगा घागरी आणायला पळाल्या. कविता म्हणणारीची नजर दारातून हटेना. तिच्या घरची घागर कोण लावणार, हा प्रश्न तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होता. मी परीक्षणात ‘मुले कवितेशी तद्रूप झाली होती’ असे लिहिले. बीड जिल्ह्यातले एखादे पोर दिवाळीच्या सुमारास आई-बापासोबत ऊसतोडीला जाते, कारखान्याजवळच्या कोपीत चार-पाच महिने काढते आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परत येते, या प्रवासात मामाचा गाव कुठे लागतो, असले प्रश्न समीक्षेच्या कक्षेत येत नाहीत. ‘मातीशी नाळ जोडलेली’ हे तीन शब्द लिहावेत; माती कुठली, हे कुणी विचारत नाही.

कुमारसाहित्याच्या बाबतीत थोडी अधिक सावधगिरी हवी. तेरा ते सतरा वयाचा वाचक आपल्याकडे शिकवणीच्या वर्गात असतो. लातूर पॅटर्नने ज्याला पहाटेपासून बहुपर्यायी प्रश्नांना बसवले आहे, तो कादंबरी केव्हा वाचणार? तरीही त्याच्यासाठी कादंबऱ्या निघतात आणि त्यांतला नायक पंधराव्या वर्षीही झाडे लावतो, आजोबांचे ऐकतो आणि त्याला शरीर नावाची गोष्ट नसते. अशा पुस्तकाला ‘संस्कारक्षम’ म्हणावे. चुकून एखाद्या पुस्तकात मुलीची पाळी आली, मुलाला कुणी आवडू लागले किंवा पंगतीत कुणाला वेगळे बसवले, तर ‘धाडसी’ म्हणावे आणि लगेच पुढे ‘मात्र शिक्षकांच्या मार्गदर्शनाखाली वाचावे’ ही पुस्ती जोडावी. त्या पुस्तीने पुस्तक शिक्षकांच्या कपाटात जाते आणि किल्ली सरांच्या खिशात राहते.

शेवटच्या परिच्छेदात उपयुक्ततेचे भान ठेवावे. ‘प्रत्येक शाळेच्या व ग्रंथालयाच्या संग्रही असावे असे पुस्तक’ हे वाक्य भाबडे वाटते, पण सगळ्या परीक्षणात खऱ्या वाचकासाठी लिहिलेले वाक्य तेवढेच असते. आपल्याकडे सार्वजनिक ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत, वर्गाप्रमाणे अनुदान आहे आणि ३१ मार्च जवळ आला की ग्रंथखरेदीची घाई उडते. त्या घाईत कात्रण कामाला येते. पुरस्काराचाही ओझरता उल्लेख असावा. साहित्य अकादमी २०१० पासून बालसाहित्यासाठी वेगळा पुरस्कार देते, रक्कम ५०,००० रुपये. २०२५ चा पुरस्कार नांदेडच्या सुरेश सावंत यांच्या कवितासंग्रहाला मिळाला. तो त्यांच्या कवितेचा मान खरा, परंतु तेव्हापासून आमच्या आठ जिल्ह्यांतल्या कुठल्याही ४८ पानांबद्दल ‘अकादमीने दखल घ्यावी’ असे लिहायची सोय झाली आहे, आणि सोय कधी वाया घालवू नये.

या सगळ्यात एकच पथ्य कडक पाळावे. पुस्तक घरातल्या मुलांच्या हाती लागू देऊ नये. हे पथ्य माझ्याकडून एकदा मोडले. एका केंद्रप्रमुखांचा कथासंग्रह टेबलावर राहिला आणि सहावीतल्या भाचीने तो उचलला. तिसऱ्या कथेपाशी तिने तो परत आणून ठेवला. “मामा, ह्याच्यातलं पोरगं कधी चुकतंच नाही की. मग गोष्ट कशाची लिहिली?” समीक्षेचे एकही पुस्तक न वाचता तिने हे विचारले. मी तिला बारा गोळ्या-बिस्किटांचे पैसे देऊन बाहेर पाठवले आणि ‘आदर्श बालनायक’ असा मथळा टाकला.

खरी अडचण चांगल्या पुस्तकाची असते. गेल्या पावसाळ्यात असे एक आले. लेखिका खेड्यावरच्या शाळेत शिक्षिका, आणि पुस्तकाला पाठराखणच नव्हती. पाकीट फोडले तेव्हाच भाचीने ते पळवले आणि रात्री वीज गेल्यावर बॅटरीच्या उजेडात पालथी पडून वाचत राहिली. सकाळी तिने एवढेच सांगितले की, त्यातली आजी सारखी खोटे बोलते, पण तिचा राग येत नाही. पुस्तक मग तिच्या मैत्रिणींकडे गेले आणि त्याचे मुखपृष्ठ कुठल्यातरी घरी सुटून आले. माझ्याकडे दुसरी प्रत होती, तिची मी दहा-बारा पाने चाळली आणि काहीतरी निराळे आहे, हे मला जाणवले. पण ‘आशयघन’, ‘बालमनाचा ठाव घेणारे’, ‘संस्कारांची शिदोरी’ हे सगळे शब्द मी केंद्रप्रमुखांवर खर्च करून बसलो होतो. जवळ दुसरे नव्हते, म्हणून तेच पुन्हा लिहिले.

परीक्षण छापून आले त्या रविवारी लेखिकेचा फोन आला. त्यांनी आभार मानले, जरा थांबल्या आणि अगदी आदराने विचारले, “सर, आजी तुम्हाला कशी वाटली?”

मी फोन भाचीच्या हाती दिला. त्या दोघी पाऊण तास बोलत बसल्या, आणि तेवढ्या वेळात मी पुढच्या दोन पुस्तकांच्या पाठराखणी वाचून काढल्या.