अँकोट्सच्या गिरण्या : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. मँचेस्टरमधील अँकोट्स या जुन्या गिरणवस्तीवरील माझ्या लेखाबाबत आपले दोन आक्षेप आहेत. जिथे लहान मुलांना राबवून घेतले, त्या विटांच्या इमारतींचे कौतुक म्हणजे शोषणाची सजावट होय, हा पहिला. आणि तिथे आता महागडी घरे झाल्याने जतनाचा लाभ धनिकांच्याच पदरी पडला, हा दुसरा. दुसऱ्यातले वास्तव मला मान्य आहे. पहिला आक्षेप मात्र पटत नाही.

मरे बंधूंची सर्वांत जुनी गिरणी १७९८ची, म्हणजे नऊ वर्षांखालील मुलांना सूतगिरण्यांत कामाला लावण्यास बंदी करणारा १८३३चा कायदा आला, तेव्हा ती पस्तीस वर्षे चालू होती. तिची इमारत लांबलचक पण अरुंद आहे, कारण बारीक सूत कातताना तुटलेला धागा दिसण्यापुरता उजेड दोन्ही बाजूंच्या खिडक्यांतून आतपर्यंत पोहोचावा लागे. कातणयंत्राचा गाडा पुढे-मागे सरकत असताना त्याच्याखाली शिरून कापसाची किटाळे वेचणारी मुले याच मजल्यांवर होती. मधल्या बंदिस्त चौकात बोटींसाठी कुंड होते आणि ते बोगद्याने रॉचडेल कालव्याला जोडलेले होते. त्याच कालव्याकाठी थोडे चालले, की १९१२ची रॉयल मिल लागते. शंभरहून अधिक वर्षांत गिरणीबांधणी कशी बदलली, हे दोन्ही शेजारी पाहूनच उमगते. मालकांच्या हिशेबवह्यांत कामगारांचा पगार सापडेल, पण त्यांना वावरायला किती जागा होती हे या खोल्याच सांगतात, आणि म्हणून त्या पाडणे म्हणजे कामगारांच्या बाजूचा पुरावा आपल्याच हाताने नष्ट करणे, असे मला वाटते.

राहिला घरांचा प्रश्न. १९८९ साली या भागाला संरक्षित क्षेत्राचा दर्जा मिळाला. तो इमारतींना आधार देतो, भाड्यांना नाही. गिरण्या पाडून तिथे काचेचे मनोरे उभे राहिले असते, तर भाडी उतरली असती असे मानायला काही आधार दिसत नाही. परवडणाऱ्या घरांचा वाटा किती असावा, हे बांधकामाला परवानगी देतानाच ठरवून घ्यावे लागते, आणि आपला रोख तिकडे वळला तर मी आपल्याच बाजूने बोलेन.

जतनाच्या नावाखाली केवळ दर्शनी भिंत राखून आतले बिडाचे खांब आणि तुळया काढून टाकल्या जातात, त्यालाही माझा विरोधच आहे. नुसत्या भिंतीवरून आत यंत्रे किती दाटीने बसवली होती, हे कोणालाच सांगता येणार नाही.