३१ मेनंतरची सकाळ

महाराष्ट्रात ३१ मे ही निरोपसमारंभांची तारीख आहे. झेडपीची शाळा असो, पंचायत समिती असो की तहसील, त्या दिवशी शाल-श्रीफळाचे इतके कार्यक्रम असतात की हारवाल्याला आधीच सांगून ठेवावं लागतं. आमच्या पिढीतल्या खेड्यापाड्यातल्या असंख्य मुलांचा जन्म शाळेच्या दाखल्यावर १ जूनचा आहे. आई-बापाला तारीख सांगता यायची नाही. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची. गुरुजी पोराकडे बघून वर्षाचा अंदाज बांधायचे आणि १ जून लिहून मोकळे व्हायचे. सरकारी नियम असा की ज्याचा जन्म महिन्याच्या एक तारखेचा, तो आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणून ३१ मे.

मीही त्यातलीच. कागदावर १ जून १९६८. आईचा हिशोब मात्र वेगळा आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा माझ्या वेळी तिला दिवस भरत आले होते. पाटण तालुक्यातल्या आमच्या घराची मागची भिंत बसली, घरचे सगळे अंगणात छप्पर घालून राहिले आणि त्या छपरातच माझा जन्म झाला. 'थंडी लई होती,' एवढं ती आजही ठामपणे सांगते. म्हणजे माझी अठ्ठावन्न वर्षं थंडीतच भरून गेली. सरकारदरबारी ती येत्या ३१ मेला भरतील.

मी महसूल खात्यात आहे. बरीच वर्षं आस्थापना शाखेत काढली, त्यामुळे लोकांच्या पेन्शन केस तयार करणं हे माझं नेहमीचं काम. सर्व्हिस बुक पडताळायचं, वेतननिश्चितीच्या नोंदी जुळवायच्या, नवरा-बायकोचा एकत्र फोटो, नॉमिनेशन, ना-देय दाखला, सगळं लावून प्रकरण सहा महिने आधी मुंबईला एजी ऑफिसला, म्हणजे महालेखापालांकडे, पाठवायचं. या वेळी माझंच सर्व्हिस बुक टेबलावर आलं.

पहिल्या पानावर डाव्या हाताच्या बोटांचे ठसे, उंची, ओळखीची खूण. सुरुवातीची पानं दाटीवाटीनं भरलेली. नेमणूक, टंकलेखनाची परीक्षा, विभागीय परीक्षा, पहिली बदली, बाळंतपणाची रजा, पुन्हा बदली. दर नोंदीला वेगळं अक्षर, वेगळी शाई, वेगळी सही. पुढे पुढे मजकूर विरळ होत जातो. १ जुलै, वार्षिक वेतनवाढ. १ जुलै, वार्षिक वेतनवाढ. मध्येच सातव्या वेतन आयोगाची निश्चिती. पुन्हा १ जुलै. शेवटची कितीतरी वर्षं एकाच पानात मावली आहेत. हे पान माझ्याच हाताखालून गेलेलं, तरी त्या दिवशी मी बराच वेळ ते उघडं ठेवून बसले.

वय वाढलं की वर्षं भराभर का जातात याचं एक उत्तर फ्रेंच तत्त्वज्ञ पॉल जाने यांनी १८७७ मध्ये दिलं होतं. पाच वर्षांच्या मुलाला एक वर्ष म्हणजे आयुष्याचा पाचवा हिस्सा, पन्नाशीच्या माणसाला पन्नासावा. म्हणून ते लहान वाटतं. हिशोब बरोबर आहे, पण माझं त्यानं समाधान होत नाही. तसं असतं तर सगळ्यांचा काळ सारख्याच वेगानं पळाला असता. मला दुसरं उत्तर जास्त पटतं, आणि मानसशास्त्राचे अभ्यासकही ते मांडतात. मागे वळून बघताना आपण काळ मोजतो तो आठवणींवरून. नवं काही घडलं की आठवण बसते. रोज तेच झालं की बसत नाही, आणि ते महिनेच्या महिने हिशोबातून गळून जातात.

माझी पहिली नेमणूक महाबळेश्वरला होती. ते पहिलं वर्ष मला आजही लांबच लांब आठवतं. चार महिने धो धो पाऊस, फायलींना येणारा ओलसर वास, खोलीत दोरीवर न वाळणारे कपडे, वरिष्ठांनी लाल शाईनं परत केलेली माझी पहिली टिप्पणी, स्टँडवर सातारच्या गाडीची वाट बघणं. आणि आता? लॉकडाऊन लागला मार्च २०२० मध्ये. मला तो परवाचा वाटतो. पण त्याच सुमारास आमच्या शेजारी जन्मलेली मुलगी या जूनमध्ये पहिलीत जाणार आहे. मधल्या वर्षांचं मला काय आठवतं असं कुणी विचारलं तर मला थांबावं लागतं. मी काम केलं, घर सांभाळलं, लग्नकार्यं केली, दवाखाने केले. सगळं केलं आणि सगळं एकात एक मिसळून गेलं.

म्हणून निवृत्तीचा विचार करताना मला पैशापेक्षा दिवसांची काळजी जास्त वाटते.

पैशाचा विचार लोक फार बारकाईनं करतात, आणि करायलाच हवा. माझ्या टेबलासमोर बसून कितीजणांनी विचारलं असेल, 'मॅडम, पेन्शन विकू का नको?' म्हणजे कम्युटेशन. चाळीस टक्क्यांपर्यंत पेन्शन आधी एकरकमी घ्यायची आणि पंधरा वर्षांनी ती पुन्हा पूर्ववत सुरू व्हायची. त्याचा हिशोब आम्ही कागदावर मांडून दाखवतो. ग्रॅच्युइटी किती, शिल्लक रजेचे तीनशे दिवसांपर्यंतचे पैसे किती, जीपीएफ, म्हणजे भविष्य निर्वाह निधी, कधी. त्यातलं पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत किती ठेवायचं. तिथली मर्यादा २०२३ पासून तीस लाख झाली आहे. रुपया-रुपया मांडला जातो. पण समोर बसलेल्या माणसाला 'एक जूनला सकाळी उठून तुम्ही काय करणार?' असं विचारलं की पुरुष म्हणतात, 'आता आराम.' बायका काहीच म्हणत नाहीत. कारण त्यांच्या वतीनं ते आधीच ठरलेलं असतं.

याबद्दल मला आज मोकळेपणानं बोलायचं आहे.

गेल्या दिवाळीपासून मी घरात आणि नात्यात एकच वाक्य ऐकते आहे. 'आता काय, तुम्ही रिकाम्याच.' मुलगा-सून पुण्याला असतात, दोघं नोकरी करतात, घरात पाळणा हलणार आहे. 'आई आहेतच आता' असं ठरून गेलं आहे. जाऊबाईंना गुडघ्याचं ऑपरेशन जूनमध्ये करायचं आहे, कारण जूनमध्ये मी मोकळी. नणंदेच्या मुलीचं बाळंतपण. भावकीतल्या कोर्टाच्या तारखा, कारण मला कागद कळतात. यातलं एकही काम परकं नाही. नातवंडाची वाट तर मीही बघते आहे. पण हे सगळं ठरवताना मला कुणी विचारलं नाही, आणि विचारायला हवं होतं असं कुणाच्या मनातही आलं नाही. पुरुष निवृत्त होतो तेव्हा त्याला वर्तमानपत्र, कट्टा आणि दुपारची झोप आपोआप मिळते. बाई निवृत्त होते तेव्हा तिची ऑफिसातून सुटलेली आठ तासांची वेळ घरात वाटून घेतली जाते.

मी ज्यांच्या केस केल्या त्यातल्या कितीतरी बायका दर नोव्हेंबरला हयातीच्या दाखल्यासाठी भेटतात. 'कसं चाललंय?' विचारलं की म्हणतात, 'ऑफिस बरं होतं गं. निदान डबा खायला अर्धा तास मिळायचा.' हे वाक्य मी वेगवेगळ्या तोंडून इतक्यांदा ऐकलं आहे की माझ्या वेळी ते माझ्या तोंडून येऊ नये असं मी ठरवलं.

निवृत्ती ही मुळात थोड्यांच्या वाट्याला येणारी गोष्ट आहे याची मला पूर्ण जाणीव आहे. काही वर्षं मी संजय गांधी शाखेला, म्हणजे निराधारांच्या योजना बघणाऱ्या शाखेला, होते. श्रावणबाळ योजनेचे अर्ज तिथे येतात. पासष्ट वर्षं पूर्ण हवीत आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न एकवीस हजारांच्या आत हवं. त्या म्हाताऱ्या बायकांकडे वयाचा पुरावा नसतो, मग डॉक्टरांचा दाखला. एकदा एका आजींना मी वय विचारलं. त्या म्हणाल्या, 'लिवा की तुमीच. मला काय ठावं?' मग हात पुढे केले. बोटं वाकडी झालेली, नखांत माती. त्या दिवशीही त्या भांगलणीची अर्धी पाथ सोडून आल्या होत्या. महिन्याला दीड हजार मिळतात, त्याला आमच्याकडे सगळे 'पगार'च म्हणतात. 'पगार जमा झाला का वं बाई?' त्या आजींना कुणी शाल-श्रीफळ देणार नाही, कारण त्यांचं काम संपण्याची तारीख कुठल्याच कागदावर नाही. माझ्या आईचंही तसंच झालं. शेतात जाणं तिनं सोडलं ते पाय चालेनात तेव्हा.

आमच्याच ऑफिसातली १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेली मुलं-मुली बघा. त्यांना जुनी पेन्शन नाही. मार्च २०२३ च्या संपात ती आठवडाभर उन्हात बसली होती. माझ्यासारखीला शेवटच्या पगाराच्या निम्मी पेन्शन मिळते, तीही महागाई भत्त्यासकट, याचं मोल मला त्यांच्याकडे बघून कळतं. पण ज्यांना हा वेळ मिळतो त्यांनीच तो हातचा जाऊ दिला तर ज्यांना मिळत नाही त्यांचं त्यात काही भलं होत नाही.

वयाच्या आकड्याचंही मला फारसं कौतुक नाही. महाराष्ट्रात माझ्यासारख्या कारकुनाला अठ्ठावन्न, आमच्या शिपायाला साठ, केंद्रात दोघांनाही साठ. केरळात छप्पन्न, आंध्रात २०२२ पासून बासष्ट. एकाच वयाचं शरीर पाटणला थकतं आणि विजयवाड्यात थकत नाही असं काही नाही. हे तिजोरीचे हिशोब आहेत. आपल्याकडेही साठ करा अशी संघटनांची मागणी जुनी आहे. मला व्यक्तिशः ती दोन वर्षं नको आहेत.

निवृत्तीच्या भाषणात हमखास महर्षी कर्व्यांचं नाव निघतं. ते १९१४ मध्ये फर्ग्युसनमधून निवृत्त झाले, १९१६ मध्ये, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्यांनी महिला विद्यापीठ काढलं आणि पुढे १९६२ पर्यंत, एकशे चार वर्षं जगले. आमच्यासारख्या शिकून नोकरीला लागलेल्या बायका अशा माणसांच्या खांद्यावरच उभ्या आहेत, त्यामुळे त्यांच्याबद्दल मला अपार आदर आहे. पण निवृत्त बाईला त्यांचं उदाहरण देऊन 'आता समाजकार्य करा' असं सांगितलेलं मला आवडत नाही. तिनं इतकी वर्षं दोन पाळ्यांत काम केलं आहे. एखादीला नुसतं गॅलरीत बसून चहा प्यायचा असेल तर तिनं तो प्यावा, आणि त्याचं कारण कुणाला देऊ नये.

मला स्वतःला मोडी लिपी शिकायची आहे.

हे आजचं खूळ नाही. तहसीलच्या रेकॉर्डरूममध्ये जुन्या कागदांचे रुमाल असतात, कापडात बांधलेली गाठोडी. त्यातले कागद मी इतकी वर्षं उचलले, झटकले, पुन्हा बांधले, पण वाचू शकले नाही. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं तेव्हा सगळ्या महाराष्ट्रात मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली. आमच्याकडे एक वयस्क गृहस्थ यायचे. भिंग घेऊन ते एकेका ओळीवर बोट फिरवायचे आणि म्हणायचे, 'हे बघा, इथं तुमच्या गावाचं नाव.' मला दिसायची ती फक्त एकातून दुसऱ्यात गेलेली वळणं. आधी आडवी रेघ ओढून घ्यायची आणि मग हात न उचलता तिला लटकवत लिहीत जायचं, शब्द कुठे तोडायचा ते वाचणाऱ्यानं ओळखायचं, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. त्यांनी मला 'क' आणि 'म' दाखवले. त्या संध्याकाळी मी घरी जाऊन जुन्या वहीच्या मागच्या पानावर ते गिरवले, आणि तो दिवस मला अजून संपूर्ण आठवतो. दुपारी डब्यात काय होतं तेसुद्धा. मधल्या वर्षांतला असा दिवस मला सहजी दुसरा सापडत नाही.

घरी हे सांगितलं तेव्हा पहिला प्रश्न आला, 'त्याचा आता उपयोग काय?' मुलानं विचारला, प्रेमानंच विचारला. मी त्याला म्हटलं, 'तू गिटार शिकत होतास तेव्हा मी हा प्रश्न विचारला नव्हता.' तो गप्प बसला. दुसऱ्या दिवशी सुनेचा फोन आला. म्हणाली, 'आई, आम्ही पाळणाघर बघतोय. तुम्ही हवं तेव्हा या, पण यायलाच हवं असं नाही.' त्या पोरीचे मी मनापासून आभार मानते. तिला ते कळलं, कारण पुढे कधीतरी तिलाही तिची वेळ मागावी लागणार आहे.

मग आम्ही बसून ठरवलं. महिन्यातला एक आठवडा पुण्याला. तोही दुपारनंतर बाळाचा, सकाळ माझी. जाऊबाईंच्या ऑपरेशनला मी जाणार आहे, पण पंधरा दिवस. पुढचे पंधरा दिवस त्यांच्या मुलानं रजा काढायची आहे. त्यानं आधी आढेवेढे घेतले, मग काढतो म्हणाला. कोर्टाच्या तारखांना भावानं जायचं, कागद मी वाचून देईन. यजमानांनी सकाळचा चहा आणि कुकर स्वतःकडे घेतला आहे. कुकरच्या शिट्ट्या किती हे ते अजून विचारतात, पण लावतात.

ज्यांची ३१ मे जवळ आली आहे अशा माझ्या सगळ्या मैत्रिणींना माझी कळकळीची विनंती आहे. कम्युटेशनचा फॉर्म भरायच्या आधी घरच्यांना समोर बसवा आणि आपल्या दिवसातली कुठली वेळ आपली, हे त्यांना तोंडानं सांगा. मनात ठेवलंत तर ती वेळ दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर लागलेली असेल.

आणि सातारा-कराड भागात सकाळच्या वेळी मोडी शिकवणारं कुणी असेल तर मला कळवा. जून संपायच्या आत सुरू करायचं आहे. बोरू मी आणून ठेवला आहे, भिंगही घेतलं आहे.