आयव्हर नोव्हेलोच्या गोष्टीत बॉबी कुठाय?

आयव्हर नोव्हेलो अवॉर्ड म्हणजे ब्रिटनमधल्या गीतकार-संगीतकारांसाठी केवढा मोठा मान, पण हा नोव्हेलो कोण होता हे सांगताना त्याच्या जोडीदाराला, बॉबी अँड्र्यूजला, एका ओळीत उरकतात आणि माझं भांडण तिथेच आहे.

नोव्हेलो कार्डिफचा, जन्म १८९३ चा. आई क्लारा गाणं शिकवायची, कॉयर म्हणजे गायकवृंद चालवायची, पोरगा त्या सुरांतच वाढला. १९१४ ला युद्ध पेटलं आणि 'कीप द होम फायर्स बर्निंग'ची त्याची चाल घराघरात पोचली, तेव्हा तो फक्त २१ वर्षांचा होता! मग सिनेमा. हिचकॉकच्या 'द लॉजर' (१९२७) मधे खुनी असल्याचा संशय असलेला भाडेकरू तोच. देखणा इतका की बायका जीव टाकायच्या, म्हणून शेवटी त्याला निर्दोष ठरवावं लागलं.

पण खरा तो स्टेजचा माणूस. १९३५ पासून लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरला 'ग्लॅमरस नाइट'सारखी भव्य म्युझिकल्स, संगीत स्वतःचं, हिरो स्वतः, आणि तरी तो स्वतः गायचा नाही! आपल्या संगीत नाटकात वाढलेल्या माणसाला हे पचतच नाही, पण तो पियानोवर बसायचा, गाणी दुसऱ्यांना द्यायचा आणि थिएटर तरी हाऊसफुल्ल. १९३९ च्या 'द डान्सिंग इयर्स'चा नायक तर व्हिएन्नातला ज्यू संगीतकार, तेही युद्ध तोंडावर आलेलं असताना. याला नुसतं गोडगोड करमणूक म्हणणाऱ्यांचा मला खरंच राग येतो.

आणि या सगळ्या काळात सोबत होता बॉबी, तोही नटच. तीसहून जास्त वर्षं, शेवटपर्यंत. पुरुषांचं असं नातं इंग्लंडमधे तेव्हा गुन्हा होता. नाटकवाल्यांना सगळं माहीत होतं, पेपरात चकार शब्द नाही. पैसा आणि प्रसिद्धीने त्याला वाचवलं हे मान्यच करायला हवं, त्याच कायद्याने कितीतरी साध्या माणसांची आयुष्यं धुळीला मिळवली. नोव्हेलो तुरुंगात गेला तो १९४४ ला, युद्धकाळातल्या रेशनच्या पेट्रोलच्या गैरवापरावरून, चार आठवडे. सुटून परत स्टेजवर आला तेव्हा लोकांनी टाळ्यांनी थिएटर डोक्यावर घेतलं.

६ मार्च १९५१ ला, 'किंग्ज ऱ्हॅप्सडी'चा प्रयोग करून काही तासांतच तो गेला. कायदा बदलला १९६७ ला. इतर कलाकारांबद्दल लिहिताना बायको पहिल्या पॅरात येते, मग याच्याबद्दल लिहिताना बॉबीही तिथेच यायला पाहिजे, आता तर कुणाची भीतीही नाही.