महायुद्धातलं फ्रेंच नाणं आणि लाखाची गोष्ट

गेले काही महिने एक मजकूर मराठी गटांमधून सारखा फिरतोय. सोबत चकचकीत नाण्याचा फोटो. मजकूर थोडक्यात असा: "दोन्ही महायुद्धांत फ्रान्सची चांदी लढाईत गेली. त्यामुळे १९१४ ते १९४५ या काळातली फ्रान्सची चांदीची नाणी फारच थोडी पाडली गेली. जुन्या खलाशांच्या आणि फौजी घरांच्या पेट्यांत ती अजून सापडतात. शुद्ध चांदीचं असं एक नाणं परदेशी लोक लाखाला घेतात. नाणं घासून चमकवा, फोटो काढा, खालच्या नंबरवर पाठवा."

हा मजकूर घेऊन आमच्या शेजारचे काका परवा घरी आले. बरोबर बिस्किटांचा जुना डबा. त्यांचं मूळ घर रत्नागिरीकडचं, आजोबा बोटीवर खलाशी, पुढे वडीलही बोटीवरच. "यातलं एक जरी तसलं निघालं ना, तर नातीच्या फीचं काम होईल," म्हणाले. डब्यात पाच नाणी होती. फ्रान्सची नाणी मी बरीच वर्षं जमवतो, म्हणून ते माझ्याकडे आले. त्यांना जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितो, कारण असा डबा घेऊन बसलेले काका एकटे नसणार.

आधी खरं तेवढं मान्य करतो. पेट्यांत नाणी सापडतात हे खरं आहे. मुंबईहून युरोपला जाणाऱ्या बोटी फ्रान्सच्या मार्सेय बंदरात थांबायच्या आणि त्यांवर कोकणातले खलाशी असायचे. १९१४ च्या सप्टेंबरात हिंदी पलटणी फ्रान्सला पोचल्या त्याही मार्सेयलाच उतरल्या. त्यांच्या खिशातून फ्रँक, म्हणजे तेव्हाचं फ्रेंच चलन, इकडे आले यात नवल नाही. मजकुरातलं बाकीचं मात्र एकेक करून खोडावं लागेल.

पहिला दावा: युद्धामुळे नाणी थोडी पाडली. पहिल्या महायुद्धाबद्दल हे साफ उलटं आहे. तेव्हाचा चांदीचा फ्रँक म्हणजे ओस्कार रोती या शिल्पकाराने घडवलेली 'सेमूज', म्हणजे पेरणारी बाई. पायघोळ वस्त्र, डोक्यावर टोपी, खांद्याला बियाण्याची झोळी, उजवा हात बी फेकताना लांबवलेला, मागे उगवता सूर्य. मागच्या बाजूला ऑलिव्हची फांदी. ५० सांतीम (शंभर सांतीमचा एक फ्रँक), १ फ्रँक आणि २ फ्रँक अशी तीन नाणी या छापात १९२० पर्यंत निघाली. यातली १ फ्रँकची नाणी एकट्या १९१६ सालात नऊ कोटींच्या वर पाडली गेली. शांततेच्या १९०० सालात हाच आकडा एक लाखाच्याही आत होता. म्हणजे दुर्मीळच हवं असेल तर शोधायचं ते १९०० चं नाणं. काकांच्या डब्यात १९१६ ची १ फ्रँकची दोन नाणी निघाली, ती याच नऊ कोटींतली.

इतकी नाणी का पाडावी लागली? ऑगस्ट १९१४ मध्ये फ्रान्सने कागदी नोटांच्या बदल्यात सोनं देणं बंद केलं. त्याबरोबर लोकांनी सोनं दडवलं आणि पाठोपाठ चांदीही. मडक्यात, गादीखाली, परसात पुरून. सरकार नाणी पाडत होतं आणि ती बाजारात जाऊन गडप होत होती. सुट्ट्याची इतकी टंचाई झाली की गावोगावच्या व्यापारी मंडळांनी ५० सांतीम आणि १ फ्रँकच्या कागदी चिठ्ठ्या छापल्या आणि लोक त्यांवर भाजी आणू लागले. १९१६ साली तर नाणी दर्शनी किमतीपेक्षा जास्त भावाने विकणं हा कायद्याने गुन्हा ठरवावा लागला. पुढे चांदीचा भाव चढत गेला आणि १९२० च्या सुमाराला फ्रँकमधली चांदी फ्रँकपेक्षा महाग झाली. मग कोण खर्च करणार? त्या वर्षीपासून व्यापारी मंडळांच्या नावाने पिवळ्या मिश्रधातूची नाणी आली आणि चांदीची पेरणारी थांबली.

हे आपल्याला परकं वाटायला नको. त्याच युद्धात त्याच चांदीच्या ओढीमुळे आपल्याकडे ३० नोव्हेंबर १९१७ रोजी एक रुपयाची पहिली नोट निघाली आणि पाठोपाठ अडीच रुपयांचीही. चांदीचा रुपया लोक मोडत नव्हते, ठेवून देत होते. फ्रान्समध्येही तेच झालं. दडवलेली नाणी वितळत नाहीत, झिजत नाहीत. ती पुढच्या पिढीला जशीच्या तशी मिळतात. म्हणूनच युद्धकाळातले सेमूज फ्रँक आज इतके मुबलक आहेत, आणि बरेचसे चांगल्या स्थितीत आहेत.

एक अपवाद आहे आणि तो खरोखर सुंदर आहे. सप्टेंबर १९१४ मध्ये जर्मन फौजा पॅरिसच्या तोंडाशी आल्या, सरकार बोर्दोला हललं. पॅरिसची टांकसाळ हातची गेली तर काय, म्हणून नैऋत्येकडच्या कास्तेलसाराझँ या लहान गावात नाणी पाडायची सोय केली. तिथल्या नाण्यांवर 'सी' हे बारीक अक्षर असतं. १९१४ चा 'सी' असलेला १ फ्रँक पाडला गेला अवघा ४३ हजारांच्या घरात. २ फ्रँक साडेचार लाखांच्या आसपास. त्यातल्या १ फ्रँकला संग्राहक खरोखर मोठी किंमत देतात. पण नेमकं म्हणूनच साध्या १९१४ च्या नाण्यावर 'सी' चिकटवायचा मोह होतो. असं नाणं हाती आलं तर भिंगाखाली त्या अक्षराची मुळं बघा. खरं अक्षर पृष्ठभागातून उगवलेलं दिसतं, जोडलेल्याच्या कडेला बारीक रेघ किंवा डाग राहतो. आणि जाणत्या माणसाला दाखवल्याशिवाय ना घ्या, ना विका.

दुसरा दावा: १९३९ ते १९४५ मधली चांदीची नाणी. इथे मजकूर लिहिणाऱ्याने मुळातच चूक केली आहे. १९४० ते १९४५ या युद्धाच्या वर्षांत फ्रान्सने वापरासाठी चांदीची नाणी काढलीच नाहीत. त्याआधीचे चांदीचे शेवटचे फ्रँक १९३९ सालाचे. त्यांचा छाप त्युरँ या शिल्पकाराचा: १० फ्रँक दहा ग्रॅमचा, २० फ्रँक वीस ग्रॅमचा, दोन्हींत चांदी ६८ टक्के. जर्मन ताब्याच्या काळात जस्त, ॲल्युमिनियम, लोखंड असल्या धातूंवर भागवलं. १९४१ च्या जस्ताच्या २० सांतीमचा काळवंडलेला तुकडा हातात घेतला की त्या वर्षांची गरिबी बोटांना कळते. विशी या गावातून चालणाऱ्या, जर्मनांशी जमवून घेतलेल्या फ्रेंच सरकारने 'स्वातंत्र्य, समता, बंधुता' हे प्रजासत्ताकाचं ब्रीद काढून ॲल्युमिनियमच्या फ्रँकवर 'श्रम, कुटुंब, पितृभूमी' असं कोरलं. १९४४ चा पितळी २ फ्रँक तर अमेरिकेत, फिलाडेल्फियाला पाडलेला आहे. एका बाजूला फक्त 'फ्रान्स' एवढंच नाव. इतिहास म्हणून ही नाणी मला सेमूजपेक्षाही प्रिय आहेत, पण चांदी त्यांत गुंजभरही नाही.

काकांच्या डब्यात नेमका हाच घोळ होता. एक पांढरं, देखणं १० फ्रँकचं नाणं, साल १९४६, वडिलांच्या वेळचं. वर तोच त्युरँचा छाप, तोच बाईचा मुखवटा. काकांची सगळी आशा त्याच्यावर. मी वजनाचा काटा बाहेर काढला. आकडा सात ग्रॅमवर थांबला. चांदीचा १० फ्रँक दहा ग्रॅमचा असतो आणि रुंदीला २८ मिलिमीटर, हा २६ चा. युद्धानंतर १९४५ पासून तोच छाप तांबं-निकेलच्या मिश्रधातूत पाडला गेला. काका बराच वेळ काट्याकडे बघत राहिले. लोहचुंबकाने हे कळत नाही, कारण तांबं-निकेल चुंबकाला चिकटत नाही. वजनच करावं लागतं, आणि ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा काटा आता स्वस्तात मिळतो.

दुसरं एक नाणं चुंबकाला चटकन चिकटलं: १९३३ चा ५ फ्रँक, लाव्हरिलिए या शिल्पकाराचा छाप, बारा ग्रॅमचा, शुद्ध निकेलचा. हाही अनेकजण चांदी म्हणून जपतात. निकेल काळवंडत नाही, म्हणून तो चांदीपेक्षाही जास्त 'चांदीसारखा' दिसतो.

दुर्मीळ त्युरँ आहेत, पण वर्ष बघून. १९३९ चा २० फ्रँक चार हजारांच्याही आत पाडला गेला. १९३६ चा २० फ्रँक आणि १९३७ चा १० फ्रँक प्रत्येकी पन्नास हजारांच्या आसपास. १९३३-३४ चे मात्र ढिगाने मिळतात. १९३६ आणि १९३७ ही वर्षं तर युद्धाच्या आधीची.

तिसरा दावा: शुद्ध चांदी. सेमूज नाण्यांत चांदी साडेत्र्याऐंशी टक्के. १ फ्रँक पाच ग्रॅमचा, म्हणजे त्यात ४.१७५ ग्रॅम चांदी. २ फ्रँकमध्ये ८.३५ ग्रॅम, ५० सांतीममध्ये २.०९ ग्रॅम. त्युरँच्या १० फ्रँकमध्ये ६.८ आणि २० फ्रँकमध्ये १३.६ ग्रॅम. तुलनेसाठी, आपला राणीछाप रुपया ११.६६ ग्रॅमचा आणि त्यात साधारण १०.७ ग्रॅम चांदी. म्हणजे आजीच्या पेटीतला एक रुपया १९१६ च्या अडीच फ्रँकांना भारी आहे. त्या दिवशीचा चांदीचा ग्रॅमचा भाव घ्या, वरच्या आकड्याने गुणा, साध्या वर्षाच्या झिजलेल्या नाण्याची किंमत तिथल्या तिथेच घुटमळते. सराफ मोडीत घेईल तेव्हा घट धरून त्याहून थोडं कमीच देईल. काकांची १ फ्रँकची दोन नाणी आणि १९१५ चं २ फ्रँकचं एक नाणं मिळून चांदी सतरा ग्रॅमच्याही आत. काकांनी हा हिशेब पाकिटाच्या पाठीवर स्वतः करून पाहिला.

झिजलेलं म्हणजे किती, हे बघायला सेमूजच्या मांडीवरच्या वस्त्राच्या चुण्या बघाव्यात. त्या सगळ्यांत आधी जातात. चुण्या सपाट असतील तर नाणं चांदीच्या भावाचं. चुण्या, केस, सूर्याचे किरण सगळं धारदार असेल आणि मूळची तुकतुकी शाबूत असेल, तर तेच १९१६ चं नाणं काही पट जास्त देतं. लाख तरीही नाही.

"घासून चमकवा" या वाक्याचा मला मनापासून राग येतो. चिंच, रांगोळी, टूथपेस्ट, भांड्यांची पावडर, काहीही लावलं की नाण्याच्या पृष्ठभागावर हजारो ओरखडे उठतात. टांकसाळीतून निघताना धातूच्या दाबाने जी तुकतुकी आलेली असते ती कायमची जाते. चांदीवर शंभर वर्षांत चढलेला करडा-निळसर थर हा मळ नाही, तो नाण्याचा रंग आहे आणि जाणकार त्याचेच पैसे देतो. मी शाळेत असताना २ फ्रँकचं एक नाणं रांगोळीने घासलं होतं. अजून माझ्याकडे आहे. भिंगाखाली त्यावरची पेरणारी बाई पावसात उभी असल्यासारखी दिसते, सगळीकडे तिरप्या रेघा. काकांनी सुदैवाने अजून काही घासलं नव्हतं.

उरला तो लाखाला घेणारा परदेशी गिऱ्हाईक. संकेतस्थळावर कुणी नाण्यापुढे लाख लिहिलं म्हणून ते लाखाला गेलं असं होत नाही. बघायची ती लिलावात प्रत्यक्ष मिळालेली किंमत. 'खालच्या नंबरवर' फोन केला की नाणं पसंत पडतं, आणि मग आधी नोंदणी, कर, कमिशन म्हणून तुमच्याकडूनच पैसे मागितले जातात. काकांकडे अडीच हजार मागितले होते. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जुन्या नाण्या-नोटांच्या नावाखाली आपलं नाव वापरून चालणाऱ्या अशा वसुलीबद्दल जाहीर इशारा दिलेला आहे. जुनं नाणं विकत घेणारा तुम्हाला पैसे देतो, मागत नाही. शिवाय १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांहून जुनं नाणं ही पुरावस्तू धरली आहे आणि खाजगी माणसाला पुरावस्तू देशाबाहेर पाठवता येत नाही. पहिल्या महायुद्धातले फ्रँक आता त्या वयाचे झाले. 'कुरिअरने पॅरिसला पाठवा' असं सांगणारा तुम्हाला थेट गुन्ह्यात ढकलतोय.

काकांनी ते अडीच हजार भरले नाहीत. पाचही नाणी मी कडेला धरून, पृष्ठभागाला बोट न लावता, कागदी पाकिटांत घातली. मऊ प्लॅस्टिकच्या पिशव्या टाकून दिल्या, कारण त्यांतून सुटणाऱ्या रसायनाने चांदीवर हिरवट चिकटा धरतो. प्रत्येक पाकिटावर साल, धातू, वजन लिहिलं. १९१६ च्या पाकिटावर काकांनी स्वतःच्या अक्षरात आणखी एक ओळ घातली: आजोबांच्या बोटीचं नाव.