सॅम्पसन हरला आणि आमच्या ग्रुपला उमाळा आला

काल रात्री, म्हणजे ७ एप्रिल २०२५ ला, सॅन अँटोनियोत अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलची फायनल झाली. फ्लोरिडा ६५, ह्यूस्टन ६३. दुसऱ्या हाफमध्ये बारा पॉइंटनी पुढे असलेल्या ह्यूस्टनला शेवटच्या क्षणी बास्केटकडे साधा बॉलही फेकता आला नाही. इमॅन्युएल शार्पने उडी मारली, समोर फ्लोरिडाचा क्लेटन झेपावला, मग शार्पने बॉल सोडून दिला. आता त्याच बॉलला हात लावायची चोरी, कारण लावला तर ट्रॅव्हल, म्हणजे फाउल धरून बॉल समोरच्या टीमला. बॉल टप्पे घेतोय आणि हा बिचारा त्याच्याकडे बघतोय. कडेला ह्यूस्टनचा कोच केल्विन सॅम्पसन उभा, एकेकाळी आमच्या इंडियानाचा कोच. एकोणसत्तर वर्षांचा माणूस, पहिलंच टायटल दोन पॉइंटनी हुकलेलं.

मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आलं.

डोकं फिरलं ते आज सकाळी. आमचा ब्लूमिंग्टनवाल्यांचा मराठी ग्रुप आहे, सगळे इंडियाना युनिव्हर्सिटीतून शिकून बाहेर पडलेले, चाळिशीच्या आगेमागे, गुडघे गेलेले, पण कोचिंगमधलं सगळं कळणारे. तिथे एकाने टाकलं, "आपण सॅम्पसनला घालवायलाच नको होतं. काल आपण असतो तिथे." त्याखाली अकरा अंगठे. लगेच दुसरा म्हणतो, "जाऊ दे, आता नवा कोच पोर्टलमधून तगडी टीम उचलेल. जुनी पोरं गेली ते बरंच झालं, कचरा साफ झाला." (पोर्टल म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी.)

कचरा म्हणे. एकोणीस-वीस वर्षांची पोरं.

ज्यांना या खेळात रस नाही त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडून द्या, पॉपकॉर्नची गोष्ट त्यानंतर आहे. इंडियानात बास्केटबॉल म्हणजे काय ते इथे राहिल्याशिवाय कळत नाही. असेंब्ली हॉलच्या, म्हणजे आमच्या घरच्या कोर्टच्या, छतापाशी टायटलचे पाच लाल बॅनर लटकतात, १९४०, १९५३, १९७६, १९८१, १९८७. शेवटची तीन कोच बॉब नाइटची. १९७६ ची टीम ३२ पैकी ३२ जिंकली, त्यानंतर आजवर पुरुषांमध्ये एकाही टीमला न हरता टायटल मिळालेलं नाही. २००० मध्ये नाइटला काढलं आणि तेव्हापासून आम्ही नवरदेव बदलतोय. माइक डेव्हिस, सॅम्पसन, टॉम क्रीन, आर्ची मिलर, माइक वुडसन, आणि गेल्या महिन्यात डॅरियन डेव्ह्रीस. पंचवीस वर्षांत सहा. त्यातल्या मिलरला तर नुसतं घरी बसवायला एक कोटी डॉलरच्या वर मोजले, देणगीदारांच्या खिशातून.

आणि गंमत बघा. वुडसनची टीम यंदा १९ जिंकली, १३ हरली, मुख्य स्पर्धेत घेतली नाही. डेव्ह्रीस ज्या वेस्ट व्हर्जिनियातून आला तीही १९ जिंकली, १३ हरली, तिलाही घेतली नाही. एकाला निरोप, दुसऱ्याला पायघड्या. (डेव्ह्रीसबद्दल माझी तक्रार नाही. ड्रेकसारख्या छोट्या कॉलेजात त्याने सहा वर्षं सोनं केलं. त्याचा मुलगा टकरही बापामागोमाग येतोय.)

तर पॉपकॉर्न.

मी मिरजेहून ब्लूमिंग्टनला आले ऑगस्ट २००८ मध्ये. त्याच फेब्रुवारीत सॅम्पसन गेला होता. टीम २२-४ अशी धावत होती आणि कोचने राजीनामा दिला, साडेसात लाख डॉलर घेऊन. गुन्हा काय? नियमात बसत नसताना भरतीच्या पोरांना फोन केले, तिघांना एका लाइनवर जोडून बोलला. ओक्लाहोमात असताना हेच करून आला होता, त्याबद्दल आधीच बंधनं घातलेली होती, तरी परत तेच. तो गेल्यावर पोरंही पांगली. क्रीन आला तेव्हा जुन्यांपैकी दोघंच उरले होते, तेही मुळात वॉक-ऑन, म्हणजे स्कॉलरशिपशिवाय टीममध्ये आलेले. उरलेली सगळी टीम म्हणजे मिसरूड फुटलेली पोरं.

मला यातलं काहीही माहीत नव्हतं. मला कॅम्पसवर काम हवं होतं, आणि असेंब्ली हॉलमध्ये पॉपकॉर्नच्या खिडकीवर मिळालं. डिसेंबरची सुट्टी, सगळे आपापल्या घरी, कॅम्पसवर नुसता बर्फ आणि तिकिटाचे पैसे नसलेले आम्ही. त्यात एका संध्याकाळी लिप्सकॉम्ब नावाच्या कॉलेजकडून घरच्या कोर्टवर हरलो. लिप्सकॉम्ब! मला तर ती लिपस्टिकची कंपनी वाटली होती.

मॅच संपत आली तेव्हा एक म्हातारा खिडकीशी आला. लाल-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांची ती पँट घातलेली, इथे टीम वॉर्म-अपला घालते तशी. हरणाऱ्या मॅचमध्ये शेवटी पॉपकॉर्न घ्यायला कोण येतं? तो आला. पैसे देता देता मागे वळून कोर्टकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "तो उंच पोरगा बघ. तीन वर्षांनी बघ त्याला." मी मान डोलवली. मला उंच म्हणजे सगळेच दिसत होते.

त्या सीझनला सहा जिंकले, पंचवीस हरले. लोक येत राहिले. मी विकत राहिले.

आता सॅम्पसनभक्तांनो, इकडे या. त्याला घालवायला नको होतं असं आज म्हणताय, कारण काल तो टीव्हीवर दिसला. २००८ ला तुमच्यातलेच तिघं मला सांगत होते की हा माणूस म्हणजे डाग आहे, विद्यापीठाच्या नावाला काळिमा. मी नवी होते, मुकाट्याने ऐकून घेतलं. कॉलेज खेळांचे नियम ठरवणाऱ्या एनसीएएने त्याला पाच वर्षं जवळजवळ वाळीत टाकलं, तो एनबीएत असिस्टंट म्हणून राहिला. आणि ती शिक्षा पुरी व्हायच्या आतच, २०१२ मध्ये, त्याच एनसीएएने पुरुषांच्या बास्केटबॉलमध्ये दहावी झालेल्या पोरांना हवे तितके फोन आणि मेसेज करायची मुभा दिली! ज्यासाठी माणूस गेला, एक टीम मोडली, ते चार वर्षांत शिष्टाचार झालं. आता तर २०२१ पासून पोरांना नावाचे, चेहऱ्याचे पैसे मिळतात, उघड. कॉलेजांनी थेट पैसे द्यावेत की नाही त्याची कोर्टात सुनावणीही कालच होती.

म्हणून तो निर्दोष होता का? नाही. नियम माहीत असून दोनदा मोडला. पण २०१४ मध्ये ह्यूस्टनने त्याला घेतलं आणि दिले काय? वेळ. अकरा वर्षं. आपण कोणाला दिलीत अकरा वर्षं?

नाही, थांबा, क्रीनला नऊ दिली. दोनदा बिग टेन, म्हणजे आमच्या भागातल्या कॉलेजांची लीग, जिंकून दिली त्याने आणि तरी घालवला. त्याचं बोलणं पकाऊ होतं, मान्य. पण मला त्याच्याबद्दल कधीच वाईट बोलता येणार नाही. का ते सांगते.

१० डिसेंबर २०११. मी तोवर इंडियानापोलिसला नोकरीला लागले होते, आम्ही सातजण एका अपार्टमेंटमध्ये, कुकरात पावभाजीची भाजी, समोर टीव्ही. केंटकी देशात पहिल्या नंबरवर. आम्ही ७०, ते ७२, शेवटची काही सेकंदं. व्हर्डेल जोन्स बॉल घेऊन आत घुसला, सगळे त्याच्यावर धावले, त्याने मागे वॉटफर्डकडे दिला. वॉटफर्डने तीन पॉइंटच्या रेषेबाहेरून मारला. ७३-७२. अख्खा हॉल कोर्टवर उतरला. खालच्या मजल्यावरच्या बाईने झाडूने छत ठोकलं.

वॉटफर्डचं नाव सगळ्यांना माहीत आहे. पास कोणी दिला? जोन्सने. तो जोन्स, जो २००८ च्या सहा-पंचवीसच्या टीममध्ये फ्रेशमन, म्हणजे पहिल्या वर्षाला होता, लिप्सकॉम्बकडून हरला होता, हाडकुळा, उंच. तीन वर्षांनी.

मला म्हाताऱ्याचं बोट आठवलं आणि मी रडले. भाजी करपली.

आजच्या नियमांत तो जोन्स राहिला असता? पहिल्याच मार्चमध्ये पोर्टलमध्ये नाव टाकून गेला असता. आणि तुम्ही ग्रुपवर लिहिलं असतं, कचरा गेला.

बरं, हो, त्या वर्षी कोडी झेलर आला नसता तर केंटकीला हरवणं जमलं नसतं, हे मला नवरा दर वेळी सांगतो. झेलरही इथलाच, इंडियानातल्या वॉशिंग्टन गावचा. आला कारण क्रीनने तीन वर्षं काहीतरी उभं करून दाखवलं होतं. विषय संपला.

आणखी एक. जानेवारीत मी लेकीला घेऊन इलिनॉयची मॅच बघायला गेले. घरच्या कोर्टवर ९४-६९ असे हरलो. लोक ओरडायला लागले, "फायर वुडसन." माझी आठ वर्षांची पोरगी तालात सामील झाली, टाळ्या वाजवत, तिला वाटलं हेही एक गाणंच. मी तिच्या तोंडावर हात ठेवला. समोर जो माणूस उभा होता तो इंडियानापोलिसचा, नाइटच्या हाताखाली याच कोर्टवर चार वर्षं खेळलेला. त्याची भरती चुकली, हे मीही म्हणते, दर वर्षी पोर्टलमधून उंच-उंच पोरं आणायची आणि बाहेरून शूट करणारा कोणी नाही. पण जे तुम्ही वुडसनला शिव्या घालून सांगत होतात की पोर्टलवर टीम बांधता येत नाही, तेच आज नव्या कोचला म्हणताय की अख्खी टीम पोर्टलमधून आण. ऐकू येतं का तुम्हाला तुमचंच?

फेब्रुवारीत त्याने जाहीर केलं, सीझननंतर थांबतो. चारच दिवसांनी मिशिगन स्टेटला त्यांच्या घरी हरवलं, ७१-६७. त्या रात्री त्यांचा कोच टॉम इझो जिंकला असता तर बिग टेनमधला नाइटचा ३५३ विजयांचा विक्रम मोडला असता. नाइटच्याच जुन्या खेळाडूने, वुडसनने, तो आणखी चार दिवस राखला. ग्रुपवर त्याबद्दल एक शब्द नाही. त्या रात्री तुम्ही पुढच्या कोचची यादी करत होतात.

आता जे लिहिणार आहे त्याने तोंड कडू होणार आहे. पर्ड्यूकडे बघा. हो, पर्ड्यू, आपल्याच राज्यातला आपला कट्टर वैरी. मॅट पेंटर २००५ पासून तिथे कोच आहे. २०२३ मध्ये पहिल्या मानांकनाची टीम घेऊन सोळाव्या मानांकनाच्या फेअरली डिकिन्सनकडून हरला, सगळा देश हसला. आम्ही जास्तच हसलो, मी पेढे वाटले होते ऑफिसात. त्याला कोणी घालवलं नाही. झॅक ईडी परत आला, ब्रेडन स्मिथ परत आला, पुढच्या वर्षी फायनल खेळले. आणि तो ब्रेडन स्मिथ वेस्टफील्डचा आहे, माझ्या घरापासून वीस मिनिटांवर!

पेंटरला मी यापुढे चांगलं म्हणणार नाही, एवढं एकदाच.

मला माहीत आहे आता कोण काय लिहिणार. काल जिंकलेल्या फ्लोरिडाचा क्लेटन आयोनातून आलेला, मार्टिन फ्लोरिडा अटलांटिकमधून, रिचर्ड बेलमाँटमधून. मान्य. पोर्टलवर टायटल जिंकता येतं. आणि पोरांनी का जाऊ नये, कोच पैशासाठी उठून जातो तर पोरांनीच का एक वर्ष बाहेर बसायचं, तो जुना नियम जुलमी होता. तेही मान्य. माझे वडील मिरजेत कबड्डीच्या पोरांना शिकवायचे, फुकट. पोरगा तयार झाला की रेल्वेत नाहीतर पोलिसात नोकरी लागायची आणि तो त्यांच्याकडून खेळायला जायचा. बाबा स्टेशनवर सोडायला जायचे. घरी येऊन जेवायचे नाहीत, पण जायचे. गेल्या आठवड्यात यशस्वी जयस्वालने मुंबई सोडून गोव्याकडून खेळायची परवानगी मागितली तेव्हा मला बाबाच आठवले. जायचं त्याने जावं. मलिक रेनो तीन वर्षं आपल्याकडे खेळला, आता चाललाय, त्याचं भलं होवो.

पण सोडायला स्टेशनवर जायचं की मागून कचरा म्हणायचं, एवढंच माझं भांडण आहे बहुतेक. सकाळी वाटलं होतं भरतीच्या धोरणावर लिहीन.

आणि एक कबुली. नवरा म्हणतो ही गोष्ट मी दर वेळी थोडी बदलून सांगते. बरोबर आहे. म्हातारा कोणाकडे बोट दाखवत होता ते मला माहीत नाही. तेव्हा मला एकाही पोराचं नाव येत नव्हतं. जोन्स असेल, किंवा त्या सीझननंतर सोडून गेलेल्यांपैकीही कोणी असेल. तेव्हाही गेली होतीच काही पोरं. कदाचित तो सगळ्याच पोरांबद्दल तसं म्हणत असेल, दर मॅचला, वेगवेगळ्या खिडकीवर. त्याने मोठा डबा घेतला होता आणि सुटे पैसे परत घेतले नाहीत, हे मात्र पक्कं आठवतंय.

नोव्हेंबरात नवा सीझन. टीममधलं जवळजवळ एकही नाव ओळखीचं नसणार. लेकीने विचारलंय, जर्सी कोणाच्या नावाची घ्यायची. मी म्हटलं नाव नको, नुसतं इंडियाना लिहिलेली घेऊ. तिला पटलेलं नाही.

साडेबारा झाले, सकाळी आठला मीटिंग आहे. अकरा अंगठेवाल्यांना भांडायचं असेल तर खाली लिहू नका, फोन करा. तिघांना एका लाइनवर जोडलंत तरी हरकत नाही, आता चालतं.