आधी कागदावर लिहून द्या

नोव्हेंबर 2024 मध्ये नवज्योतसिंग सिद्धूंचा व्हिडिओ मला एकाच दिवसात पाच नातेवाइकांनी पाठवला. पत्नीचा चौथ्या स्टेजचा कॅन्सर हळद, कडुनिंब आणि पथ्याने हरला, असा दावा त्यात होता. इथे ब्रिटनमध्ये तेव्हा माझी केमो चालू होती. पाठवणाऱ्यांचा जीव तुटत होता, हे मला कळत होतं.

टाटा मेमोरियलच्या आजी-माजी 262 कॅन्सरतज्ज्ञांनी लगेच पत्रक काढलं: याला पुरावा नाही, उपचार लांबवू नका. सिद्धूंच्या पत्नीची शस्त्रक्रिया आणि केमोही झाली होती. पण फॅमिली ग्रुपवर ते पत्रक कुणी टाकलं नाही.

तेव्हापासून तिकडे भारतात एकच मागणी ऐकते, अशा दाव्यांवर बंदी घाला. कॅन्सर बरा करण्याच्या जाहिरातींना ब्रिटनमध्ये 1939 पासून मनाई आहे, भारतात 1954 पासून. पण कुणी आपला अनुभव सांगत असेल, तर ती जाहिरात कशी ठरवणार? म्हणून मला बंदीत फारसं बळ दिसत नाही.

असल्या दाव्यांपासून मला वाचवलं ते एका कागदाने. इथेही तपासण्यांसाठी ताटकळावं लागतं, त्याचं कौतुक नाही. पण निदान सांगितलं त्याच दिवशी स्पेशलिस्ट नर्सने गाठीचा प्रकार, स्टेज, ईआर पॉझिटिव्ह (म्हणजे गाठ इस्ट्रोजेन हार्मोनवर वाढणारी), हर-टू निगेटिव्ह (म्हणजे हर-टू नावाचं प्रथिन गाठीत जास्त नाही) असं लिहून दिलं आणि स्वतःचा नंबरही. नुसतं 'ब्रेस्ट कॅन्सर' शोधलं की सगळ्यांचे आजार एकदम अंगावर येतात. ते चार शब्द टाकल्यावर माझ्यापुरतं उरलं. पान कुणी लिहिलंय, शेवटचं कधी तपासलंय, हे बघायलाही तिनेच शिकवलं. पाच वर्षं जगण्याचे आकडे वाचून मी रडले, तेव्हा म्हणाली, ते पाच वर्षांहून आधी निदान झालेल्यांचे आहेत, आताची औषधं त्यातल्या अनेकांना मिळालेली नाहीत.

तिकडे नॅशनल कॅन्सर ग्रिडच्या, म्हणजे देशभरातल्या कॅन्सर रुग्णालयांच्या जाळ्याच्या, उपचार-मार्गदर्शिका कुणालाही वाचता येतात, पण त्या डॉक्टरांसाठी, इंग्रजीत. आणि पेशंटला तर बरेचदा आजाराचं नावसुद्धा घरचे कळू देत नाहीत. ज्या बाईला आपला आजारच माहीत नाही, ती शोधणार काय? मला याचा राग येतो.

गेल्या महिन्यात मावसबहिणीला गाठ निघाली. तिला म्हटलं, बाकी काही वाचू नकोस, आधी हे चार शब्द डॉक्टरांकडून लिहून घे. बाहेर रांग होती, तरी त्यांनी केसपेपरच्या मागे लिहून दिले. रात्री तिने फोटो पाठवला आणि आम्ही दोघी फोनवर एकेक शब्द वाचत बसलो.