अर्भकमृत्यूदराचे नंबर लावण्याआधी रजिस्टरमधलं गाव बघा

तालुक्यांचे अर्भकमृत्यूदर काढायचे, त्यांचे नंबर लावायचे आणि ज्याचा आकडा मोठा त्या वैद्यकीय अधिकाऱ्याला सभेत उभं करायचं, हा प्रकार थांबवा. मोजू नका असं म्हणत नाही, नीट मोजा म्हणतोय.

गणित सोपं आहे. वर्षभरात वयाचं वर्ष पुरं व्हायच्या आत दगावलेली बाळं, भागिले त्याच वर्षातले जिवंत जन्म, गुणिले १०००. घोळ आहे तो कुठलं बाळ कुणाच्या खात्यावर धरलं यात. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याने नोंद होते ती घटना जिथे घडली तिथे. आता सून जतची, माहेर तासगावचं, जोखमीचं बाळंतपण म्हणून नेली मिरजेला. जन्म महापालिकेच्या रजिस्टरला. तीन महिन्यांनी बाळ जतच्या वस्तीवर न्यूमोनियाने गेलं, तर मृत्यू तिथल्या ग्रामपंचायतीत. जतच्या अपूर्णांकात वरचा आकडा वाढला, खालचा नाही. मिरजेचं दुखणं दुहेरी: जन्म फुगलेले आणि अथणी-चिकोडीपासून शेवटच्या घटकेला आणलेल्या बाळांचे मृत्यूही तिथेच. कराडचंही तेच.

यावर इलाज फॉर्मातच आहे. जन्माचा नमुना १, मृत्यूचा २, उपजत मृत्यूचा, म्हणजे मेलेल्या जन्मलेल्या बाळाचा, ३. तिन्हींच्या सांख्यिकी भागात राहतं गाव विचारलेलं असतं. त्या रकान्यावर नोंदी लावून घ्या, मग दर काढा. फक्त फॉर्म भरताना तिथे माहेरचा पत्ता पडतो, कारण माहिती द्यायला मुलीचे वडील उभे असतात. क्लार्कने "सासर कुठलं?" एवढं विचारलं तरी निम्मं काम होतं.

दुसरी गळती जास्त वाईट. बाळाने एकदा श्वास घेतला, हृदयाचा ठोका लागला, नाळेत ठोके जाणवले किंवा स्नायू हलले, तर तो जिवंत जन्म. मग ते पाच मिनिटांत गेलं तरी एक जन्म आणि एक मृत्यू, दोन्ही नोंदी हव्यात. प्रत्यक्षात ते "उपजत" म्हणून लिहिलं जातं आणि अर्भकमृत्यूतून अलगद सुटतं. पकडायचं कसं? २०२० च्या नमुना नोंदणीत, म्हणजे निवडक गावा-वस्त्यांमधल्या सरकारी पाहणीत, देशाचा अर्भकमृत्यूदर २८ होता, त्यातले २० पहिल्या २८ दिवसांतले. तुमच्या यादीत उपजत भरपूर आणि पहिल्या आठवड्यातले मृत्यू जवळपास नाहीतच, तर कौतुक करू नका, प्रसूतिगृहाचं रजिस्टर मागवा.

आता लहान आकड्यांचं. सपाटीवरचं प्राथमिक आरोग्य केंद्र ३०,००० लोकसंख्येचं. जन्मदर हजार लोकांमागे १५ धरला तर वर्षाला ४५० जन्म. ९ मृत्यू म्हणजे दर २०. पुढच्या वर्षी १३ झाले की २९, आणि लगेच कारणे दाखवा नोटीस! एवढी चढउतार निव्वळ योगायोगानेही होते. ५,००० च्या उपकेंद्रात तर ७५ जन्म, एका मृत्यूला दर १३. उपकेंद्राचा दर काढूच नये. मृत्यू मोजा, प्रत्येकाचं कारण शोधा. दर हवाच असेल तर तीन-पाच वर्षं एकत्र करा.

महाराष्ट्राचा अर्भकमृत्यूदर १६ की २३, हा वादही निरर्थक. नमुना नोंदणीचा १६ हा २०२० सालचा, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा २३ हा २०१९-२१ च्या पाहणीआधीच्या पाच वर्षांचा.

जन्मदरावरून "पाटण-जावळीत बायकांना मुलं कमी होतात" म्हणणंही तसंच. तरणी माणसं माथाडी कामाला मुंबईत, गावात म्हातारी, जन्मदर पडणारच. मुलं किती होतात हे बघायचं तर एकूण जननदर: १५ ते ४९ वयाचे पाच-पाच वर्षांचे सात गट, प्रत्येकाचा दर बाईमागे, बेरीज गुणिले ५. त्यालाही गटवार बायकांची संख्या लागते, आणि आपण अजून २०११ च्या जनगणनेवरून अंदाज बांधतोय.

ऊसतोडीच्या कोपीवर, म्हणजे तोडणी मजुरांच्या झोपडीत, जन्मलेलं बाळ तर कुठेच नसतं. आशाच्या सर्वेक्षणात टोळी नाही, आणि २१ दिवसांत नोंद करायला मुकादम सोडत नाही. गाळप हंगामात दर पंधरवड्याला कारखान्याकडून टोळ्यांची यादी घ्या, कोप्यांवर एएनएम (उपकेंद्राची नर्स) पाठवा. नोंदी मजुरांच्या बीडकडच्या मूळ गावांच्या नावावर गेल्या तरी चालेल, पण जन्म आणि मृत्यू दोन्ही जाऊ देत.